घरकामास पात्र

मझौलीसारख्या तहसिलीच्या गावी बदली होऊन आलेल्या मराठी कारकुनास चार माणसांत बसून मराठी बोलावयाचे झाल्यास बसने जबलपूर गाठावे लागते. आम्ही महिन्यातून एखाद्या रविवारी ते करतो. तेथे एका सद्गृहस्थांच्या घरी आमच्यासारखीच इकडून तिकडून बदलून आलेली दहाबारा कुटुंबे जमतात. कोणी टपाल खात्यातील, कोणी रेल्वेतील, कोणी तोफांच्या कारखान्यातील. फराळ होतो, कोणी काही वाचून दाखवितो, कोणी प्रवासाची हकीकत सांगतो. गेल्या हिवाळ्यातील अशाच एका बैठकीस एक स्नेही नुकतेच रजा-प्रवास सवलतीवर अंदमानास जाऊन आले होते. त्यांनी सेल्युलर जेलची छायाचित्रे दाखविली, कोलूविषयी सांगितले, संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाचे वर्णन केले, आणि सांगता सांगता त्यांचा कंठ दाटून आला. आमचाही आला. त्यात खोटे काही नव्हते.

शेवटी आम्ही एवढेच विचारले, की स्त्री-कैदी जेथे ठेवीत असत ते ठिकाण आपण पाहिलेत काय? स्नेही चमकून म्हणाले, "बायका होत्या तिथे?" आम्ही उत्तर देण्यापूर्वीच बैठकीतील एक ज्येष्ठ अधिकारी उद्गारले, "असतील हो. पण त्या खुनी बायका. त्यांचं काय सांगायचं?" तेवढ्यात चहा आला आणि विषय संपला.

आमच्यापुरता तो संपला नाही. ज्येष्ठांस भर बैठकीत उलट उत्तर देण्याची आमची रीत नाही, आणि कार्यालयात ते आमच्याहून कितीतरी वरच्या श्रेणीचे आहेत. म्हणून जे तेथे बोलता आले नाही ते येथे लिहीत आहोत. त्यांच्या उद्गारात एका व्यक्तीचे अज्ञान असते तर आम्ही तो सोडून दिला असता. परंतु तो आपल्या सर्वांचा, बृहन्महाराष्ट्रातील आणि महाराष्ट्रातील सुशिक्षित मराठी समाजाचा, ठरीव उद्गार आहे. आपण अंदमानाचे तीर्थ केले आहे, आणि त्या तीर्थातून एक संपूर्ण मनुष्यवर्ग नावानिशी पुसून टाकला आहे. त्यांपैकी काही स्त्रिया आपल्याच माजघरातून तेथे गेल्या होत्या.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. सेल्युलर जेलविषयीच्या आदराबद्दल आमची तक्रार नाही. तेथे राजबंद्यांनी जे सोसले ते मराठी वाचकास 'माझी जन्मठेप' या ग्रंथामुळे शाळकरी वयापासून ठाऊक असते, आणि १९७९ मध्ये ती इमारत राष्ट्रीय स्मारक झाली हे योग्यच झाले. परंतु ती इमारत म्हणजे अंदमानाची बंदी वसाहत नव्हे. वसाहत सुरू झाली ती १८५८ च्या मार्च महिन्यात, उत्तर हिंदुस्थानातील उठाव अजून शमला नसताना. सेल्युलर जेलचे काम १८९६ मध्ये सुरू होऊन १९०६ मध्ये पुरे झाले. म्हणजे आज ज्या भिंतींना आपण अंदमान म्हणतो त्यांची पहिली वीट बसण्यापूर्वी जवळजवळ चाळीस वर्षे तेथे जंगल तोडले जात होते, दलदली बुजविल्या जात होत्या, आणि हजारो सामान्य कैदी जगत व मरत होते. त्यांत १८६० नंतरच्या काळात स्त्रियाही येऊ लागल्या. त्यांचा तुरुंग निराळा होता आणि तो साउथ पॉइंट या ठिकाणी होता. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजय पुरम असे बदलले गेले. शहराचे नवे नाव आपल्या प्रवाशांस तत्काळ पाठ झाले आहे, साउथ पॉइंटचे जुने नाव मात्र त्यांच्या कानांवरूनही गेलेले नाही.

आता 'खुनी बायका' या शब्दांकडे वळू. तेथे गेलेल्या अनेक स्त्रियांवर खुनाचाच आरोप शाबीत झालेला होता, हे खरे आहे. कोणी नवऱ्याचा जीव घेतला होता, कोणी स्वतःच्या पोटच्या अर्भकाचा. हे लपविण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु तो खून कोणत्या घरात, कोणाच्या धाकाने आणि कोणास वाचविण्यासाठी झाला, हे विचारल्यावाचून निकाल देणे न्यायाधीशासही शोभत नाही. मग ज्याला फाईल पूर्ण वाचल्याखेरीज टिपण न लिहिण्याची सवय आहे अशा सरकारी नोकरास ते कसे शोभावे?

पुण्यातील काशीबाईची हकीकत घ्या. ती आपणांस मिळते ती महात्मा फुले यांच्यामुळे. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविषयी टिपणे प्रसिद्ध करून निरनिराळ्या लोकांची मते मागविली, तेव्हा त्या वर्षीच्या डिसेंबरात फुल्यांनी आपले मत लिहून पाठविले. त्यांत त्यांनी सिद्धांत मांडीत न बसता एका बाईची गोष्ट सांगितली. फुल्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे इनाम कमिशनात अधिकारी होते. त्यांच्या घरी काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा स्वयंपाकास होती. चांगल्या घरची, तरुण, सालस. शेजारी एक शास्त्रीबुवा राहत. त्यांनी तिला नादी लावली. प्रथम तिने दाद दिली नाही, शेवटी ती फसली आणि तिला दिवस गेले. गर्भ पाडण्याची औषधे झाली, त्यांचा उपयोग झाला नाही. मूल जन्मले. लोकलज्जेच्या भयाने तिने त्याचा गळा चिरला आणि प्रेत घरामागच्या विहिरीत टाकले. पोलिसांनी तिला धरले, पुण्याच्या सेशन कोर्टात खटला झाला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

ही फाईल आता आपण सारे मिळून वाचू. या प्रकरणात किती माणसे आहेत? एक शास्त्रीबुवा आहेत. १८५६ मध्येच कायद्याने विधवाविवाहास मोकळीक दिलेली असताना त्या मोकळिकीचा उच्चारही ज्यांना सोसत नव्हता, असे एक संपूर्ण शहर आहे. आणि एक स्वयंपाकीण आहे. १८६२ पासून अमलात आलेल्या भारतीय दंडसंहितेच्या कलमात या तिघांपैकी कोण बसले? स्वयंपाकीण. शास्त्रीबुवांसाठी त्या संहितेत कलम नव्हते आणि शहरासाठी तर असणे शक्यच नव्हते. आमचे ज्येष्ठ स्नेही ज्यांना 'खुनी बायका' म्हणतात त्यांतील एकीची ही जंत्री आहे. आम्ही तिला निर्दोष ठरवीत नाही; मेलेले मूल कोणत्याही युक्तिवादाने जिवंत होत नाही. परंतु तिघांचा अपराध एकीच्या माथी मारून तिला समुद्रापार पाठविणारा समाज, दीडशे वर्षांनंतर तिचे नाव घेण्यासही नकार देत असेल, तर तो दुसरा अपराध आहे, आणि त्यासाठी शास्त्रीबुवांवर बोट दाखविता येणार नाही. तो आपला आहे.

याहून सूक्ष्म आणि याहून वाईट अशी एक गोष्ट आपल्या चांगल्या माणसांनी केली आहे. काशीबाईच्या शिक्षेने व्यथित होऊन फुले दांपत्याने १८६३ मध्ये आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल नेणे किंवा ठेवणे त्यांच्या खुशीवर, अशी जाहिरात केली. मलबारींस लिहीपर्यंत त्या घरात ३५ विधवा येऊन गेल्या होत्या. पुढे १८७० नंतरच्या दशकात अशाच एका विधवेच्या मुलास त्यांनी दत्तक घेतले, तेच यशवंत. आता आजची लोकप्रिय व्याख्याने, लेख आणि नाटुकली पाहा. त्यांत यशवंताच्या आईचेही नाव काशीबाई असते; ती जीव देण्यास निघालेली असते, फुले तिला वाचवितात, ती सुखरूप बाळंत होते, आणि श्रोते टाळ्या वाजवितात. दोन काशीबाईंची एक झाली! जिचे मूल विहिरीत सापडले आणि जिला काळे पाणी झाले, ती यशवंताची आई कशी असेल, हा साधा प्रश्न कोणी विचारीत नाही. कारण वाचलेली काशीबाई आपणांस हवी असते, गेलेली नको असते. वाचलेल्या बाईमुळे आपण सुधारक समाजाचे वारस ठरतो. गेलेल्या बाईमुळे शास्त्रीबुवांचे. फुल्यांनी स्वतः मात्र गेलेलीचेच नाव लिहून ठेवले होते. त्यांचा जयजयकार करणाऱ्यांनी तरी त्यांचे लिहिणे नीट वाचावे, एवढीच आमची विनंती आहे.

काशीबाईनंतर वीस वर्षांच्या आतच, १८८१ मध्ये, सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेचा असाच खटला गाजला. तिला फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती काळ्या पाण्यावर आली आणि पुढे तीही कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. त्याला उत्तर आले ते वऱ्हाडातील बुलढाण्याहून. ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध लिहिला आणि तो १८८२ मध्ये पुण्यात छापून निघाला. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेड क्लार्क होते, हे आमच्या वाचकांस मुद्दाम सांगावेसे वाटते. एका कारकुनाच्या लेकीने विचारले, की जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय? पुस्तकावर टीका झाली. फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात तिची बाजू घेतली. त्यानंतर ते पुस्तक असे नाहीसे झाले की १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याचे अस्तित्वच जाणवत नव्हते. ज्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे नसते तो प्रश्नच हरवून टाकण्याची आपली हातोटी केवळ अंदमानापुरती नाही, हे यावरून दिसेल.

येथवर स्त्रीला तेथे कोणी पाठविले हे पाहिले. आता तेथे पोचल्यावर तिचे काय होई ते पाहू, कारण आमच्या या लेखाचे शीर्षक तेथून आले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी तेथे जे नियम चालत ते आम्ही एका जुन्या इंग्रजी कोशात वाचले. वाचताना प्रथम वाटले, की हे आमच्याच कार्यालयाचे परिपत्रक आहे. जन्मठेपेच्या प्रत्येक स्त्रीने स्त्रियांच्या तुरुंगातच राहिले पाहिजे. यास अपवाद दोन. एक, ती विवाहित होऊन नवऱ्याजवळ राहत असेल. दुसरा, ती परवानगीने कोणाच्या घरी कामास असेल. वसाहतीत पाच वर्षे काढल्यावर स्त्री विवाहास किंवा घरकामास पात्र होते. विवाह केल्यास पंधरा वर्षांनी तिला नवऱ्यासह बेट सोडता येईल. मात्र दोघांचीही मुदत भरली पाहिजे, एकाने दुसऱ्यासाठी थांबले पाहिजे आणि दोघांनी मिळूनच गेले पाहिजे. अविवाहित राहिल्यास वीस वर्षे.

'पात्र' हा शब्द आम्ही दिवसातून वीस वेळा लिहितो. अमका अर्जित रजेस पात्र, तमका घरभाड्यास अपात्र. या शब्दाचा गुण असा, की तो लिहिणाऱ्याच्या मनावर ओरखडाही उठत नाही. त्या दूरच्या बेटावर कोणी एक लेखनिक टेबलाशी बसून अशीच यादी करीत असेल: अमुक क्रमांकाची स्त्री, पाच वर्षे पूर्ण, घरकामास पात्र. लेखनिक दुष्ट असण्याची गरज नाही. तो वक्तशीर, अक्षर चांगले असलेला, आपल्या मुलाबाळांवर माया करणारा असू शकतो. त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही ती यादी बिनचूक केली असती, या जाणिवेने आम्हांस हा लेख लिहावयास लावले आहे.

या नियमांतील अन्याय पुरुष-कैद्यांच्या नियमांशेजारी ठेवल्यावर उघडा पडतो. पुरुष-कैद्याचे हाल अधिक होते, यात शंका नाही. कोठडी, टोळीतले सक्तकष्ट, मग हलकी मजुरी, अशा पायऱ्या चढत त्यास दहा वर्षे काढावी लागत. परंतु त्यानंतर त्यास तिकीट मिळे, तो 'स्वावलंबी' म्हणविला जाई. जमीन कसणे, गुरे पाळणे, धंदा करणे, लग्न करणे किंवा घरच्यांस बोलावून घेणे, हे त्यास मोकळे होते. त्याच्या वाटेच्या टोकाशी, कसेही असो, त्याचे स्वतःचे असे काही होते. स्त्रीच्या वाटेवर दोनच दारे होती, आणि दोन्ही दुसऱ्याच्या घराची. एक दार नवऱ्याच्या झोपडीत उघडे, दुसरे मालकाच्या स्वयंपाकघरात. काशीबाई गोवंड्यांच्या स्वयंपाकघरातून कोर्टात गेली होती. ज्या वाटेवर तिला ढकलण्यात आले त्या वाटेवर सुटकेचे नाव पुन्हा एकदा स्वयंपाकघर हेच होते.

ज्यांना सरकारने समाजात राहण्यास अयोग्य म्हणून हजार मैल दूर नेले, त्याच स्त्रिया पाच वर्षांनी घरकामास योग्य कशा झाल्या? त्यांचे मन बदलले काय हे कोण पाहत होते? उत्तर सरळ आहे. वसाहतीस त्यांची गरज होती. हजारो पुरुष आणि मूठभर स्त्रिया अशा बेटावर पुरुष स्थिर व्हावा, त्याने शेती धरावी, दंगाफसाद करू नये, यासाठी त्यास बायको हवी होती. देशातून बंद्यांच्या बायका आणविण्याचे प्रयत्न झाले, पण फारच थोड्या आल्या. तेव्हा स्त्री-कैदी हाच साठा उरला. आणि अधिकाऱ्यांच्या बंगल्यांस नोकरचाकर हवे होते. ते कैद्यांतूनच मिळत, साहेबांची मुले कैद्यांच्याच अंगाखांद्यावर खेळत. न्यायालयाने दिलेली शिक्षा काही असो. बेटावर स्त्रीचे मोल ठरले ते तिच्या उपयोगावरून.

विवाहाची रीत तर प्रसिद्ध आहे. लग्नाची परवानगी मिळालेला पुरुष-कैदी स्त्रियांच्या तुरुंगात येई, स्त्रिया रांगेत उभ्या राहत, तो पसंती सांगे. स्त्रीची संमती घेतली जाई आणि साहेबाची मंजुरी झाली की कागद पुरा होई. संमती घेत असत हे आम्ही मुद्दाम नमूद करतो, कारण पुढचा मुद्दा तिच्याशीच संबंधित आहे.

आमच्या म्हणण्यावर सर्वांत सबळ आक्षेप कोणता, हे आम्ही जाणतो. आक्षेपक म्हणेल: अहो, काशीबाईसारखी विधवा पुण्यात राहिली असती तर तिच्या वाट्यास काय आले असते? केशवपन, एकभुक्त आणि कोणाच्या तरी चुलीपुढे जन्म. अंदमानात निदान तिला लग्न करता येत होते, जातपात विचारली जात नव्हती, मुले औरस ठरत होती. त्या जोडप्यांची संतती, जिला तेथे 'लोकल बॉर्न' म्हणतात, आज ताठ मानेने जगते आहे. मग काळे पाणी हाच तिचा उद्धार नव्हे काय?

या आक्षेपातील अर्धा भाग आम्हांस मान्य आहे, आणि तो अर्धा भाग आमच्या समाजास फटके मारण्यास पुरेसा आहे. ज्या काळात पुण्यात विधवेचे लग्न लावणाऱ्यांवर ग्रामण्य होत होते, त्याच काळात इंग्रजांच्या तुरुंगात विधवेचे लग्न नियमाने लागत होते! खुनाची शिक्षा भोगणारीस जे मिळत होते ते निरपराध विधवेस मिळत नव्हते. याहून जळजळीत साक्ष आपल्या त्या वेळच्या धर्माभिमानाविरुद्ध दुसरी कोणती हवी? परंतु उरलेला अर्धा भाग आम्ही मान्य करीत नाही. 'लग्न कर, नाहीतर घरकाम कर, नाहीतर वीस वर्षे भिंतीआड राहा' असे ज्या स्त्रीस सांगितले आहे, तिच्या तोंडच्या 'हो'ला संमती म्हणणे ही शब्दाची विटंबना आहे. तेथे कोणी सुखाने नांदले असेल. अवश्य नांदले असेल. वंशजांस तर पूर्वजांच्या त्या संसाराचा सार्थ अभिमान असावा. पण ते सुख त्या माणसांनी स्वतः मिळविलेले होते, नियमाने दिलेले नव्हते. माणसे तुरुंगातही एकमेकांवर माया करतात, याचे श्रेय तुरुंगास देता येत नाही.

दुसरा आक्षेप येतो तो देशाभिमानाच्या वाटेने: हे सारे इंग्रजांचे पाप, त्याचा जाब त्यांस विचारा. बरे, इंग्रजांकडेही पाहू. ही रीत त्यांनी आधी आपल्याच देशातील बायकांवर चालविली होती. १७८८ पासून १८५३ पर्यंत सुमारे २५,००० स्त्रिया त्यांनी ऑस्ट्रेलियात पाठविल्या. पुष्कळजणींचा गुन्हा किरकोळ चोरीचा. तेथे उतरल्यावर त्या वसाहतवाल्यांच्या घरी विनावेतन मोलकरणी म्हणून नेमून दिल्या जात. मालकाची तक्रार आली किंवा बाईस दिवस गेले, की तिची रवानगी होई ती स्त्रियांच्या कारखान्यात. कारखाना हे नाव. प्रत्यक्षात तुरुंग, कामशाळा आणि बाळंतिणीची खोली एकत्र. सिडनीजवळचा पॅरामाटा येथील आणि १८२८ मध्ये उघडलेला होबार्टचा कॅस्केड्स येथील, हे त्यांतील प्रसिद्ध. मालकाच्या घरी दिवस गेलेली मोलकरीण कारखान्यात परत जाई आणि मालक मात्र आपल्याच घरी राही, हे वाचून पुण्याच्या शास्त्रीबुवांची आठवण कोणास येणार नाही?

पण पुढचे ऐका. तेथल्या लोकांनीही शंभर वर्षे हे लपविले. आपल्या कुळात कैदी स्त्री होती हे सांगण्याची लाज वाटे, वंशावळीतून नावे खोडली जात. आज चित्र पालटले आहे. कॅस्केड्सचा तो पडका आवार २०१० मध्ये इतर दहा बंदीस्थळांसह जागतिक वारसा म्हणून घोषित झाला. तेथील एका कलावतीने पाठविल्या गेलेल्या प्रत्येक स्त्रीमागे एक, अशा २५,००० हून अधिक कापडी टोप्या शिवून घेण्याचे व्रत घेतले. देशोदेशीच्या लोकांनी त्या शिवल्या, प्रत्येक टोपीवर एका स्त्रीचे नाव. चोरणाऱ्या बायकांचे काय सांगायचे, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी नावे शोधून काढली, कारण नावे दप्तरात होती. दप्तर आपल्याकडेही आहे. उणीव आहे ती शोधण्याच्या इच्छेची.

नाव कोणाचे उरते, हा विचार आम्हांस या मुलखात वारंवार सुचतो. मझौलीहून सिहोऱ्यास जाऊन कटनीचा रस्ता धरला की स्लीमनाबाद लागते. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमन साहेबाचे नाव गावासही आहे आणि रेल्वे स्थानकासही. त्याने धरलेल्या ठगांपैकी किती तरी फासावर गेले, किती तरी समुद्रापलीकडे पाठविले गेले; माफीच्या साक्षीदारांस जबलपुरात ठेवून त्यांस तंबू आणि गालिचे विणावयास लाविले, त्यांच्या बायकामुलांसह. त्या बायकांनी कोणाचा गळा आवळला होता? पण नवऱ्याच्या कैदेत त्याही आल्या. आज साहेबाचे नाव पाटीवर आहे, काही नामांकित ठगांची नावे पुस्तकांत आहेत, त्या बायकांचे एकही नाव या परिसरात कोणाच्या तोंडी नाही. याच जबलपूरच्या सुभद्राकुमारी चौहान १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात तुरुंगात गेल्या, त्यांचे नाव येथील मुलामुलांस ठाऊक आहे आणि असावेच. परंतु कैदेतील स्त्री देशासाठी गेलेली असेल तरच ती आपल्या स्मरणास 'पात्र', असा नियम जर आपण केला असेल, तर तो साउथ पॉइंटच्या नियमाहून फारसा वेगळा नाही.

आम्ही स्वतःस या आरोपातून वगळीत नाही. ज्या बैठकीची हकीकत आरंभी सांगितली, तेथे आमच्या कपबश्या विसळावयास एक बाई होत्या. आम्ही त्या घरी तीन वर्षे जात आहोत. अंदमानातील स्त्रियांची नावे का विचारीत नाही म्हणून मनात धुमसत आम्ही बसने परत निघालो, आणि अर्ध्या वाटेवर लक्षात आले, की त्या बाईंचे नाव आम्हांस ठाऊक नाही. मराठीत 'आमची बाई' म्हटले की पुरे होते, नावाची गरज लागत नाही. पुढच्या खेपेस आम्ही नाव विचारले. ते येथे छापण्याचे कारण नाही. ते त्यांचे आहे.

१९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने अंदमानास कैदी पाठविण्याची पद्धत बंद करावी अशी शिफारस केली. बंदी वसाहत म्हणून ते बेट १९४५ मध्ये संपले. आणि १९५६ च्या जानेवारीपासून आपल्या दंडसंहितेत 'काळे पाणी' ही शिक्षाच उरली नाही. तिच्या जागी आजन्म कारावास आला. म्हणजे कायद्याने आपले काम केव्हाच पुरे केले आहे. राहिले आहे ते आपले, आणि ते आपल्यासारख्यांसच करता येण्याजोगे आहे.

नुसती टीका करून थांबणे आमच्या पेशास साजत नाही. टिपणाच्या शेवटी प्रस्ताव असावा लागतो. आमचे प्रस्ताव तीन आहेत. पहिला, यापुढे कोणत्याही मराठी मंडळाच्या व्यासपीठावरून दोन काशीबाईंची एक करू नये; एकीचे मूल वाढले, दुसरीचे विहिरीत सापडले, आणि दोघींची आठवण वेगवेगळी ठेवावी. दुसरा, जे स्नेही अंदमानास जातील त्यांनी सेल्युलर जेलसमोर मस्तक नमवावेच, पण एकदा तरी साउथ पॉइंट कोणीकडे म्हणून विचारावे आणि परत आल्यावर बैठकीत तो शब्द उच्चारावा. तिसरा प्रस्ताव सर्वांत महत्त्वाचा. आमच्या वाचकांपैकी अनेकांची नेमणूक दिल्लीस आहे. तेथील राष्ट्रीय अभिलेखागारात गृहखात्याच्या पोर्ट ब्लेअर शाखेचे कागद आहेत. जे सुटीवर मुंबईस जातात त्यांस एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील पुराभिलेखागारात मुंबई इलाख्याच्या न्यायखात्याची दप्तरे पाहता येतील. विद्वानांनी त्यांतून ग्रंथ लिहिले आहेत, पण मराठी मुलखातून गेलेल्या स्त्रियांची नावनिशीवार यादी करण्याचे काम विद्वत्तेचे नाही, चिकाटीचे आहे. नाव, गाव, कलम, तारीख. जुनी फाईल कशी उघडावी, तारखांची संगती कशी लावावी, कोणत्या शेऱ्याच्या मागे काय दडलेले असते, हे आपल्याइतके कोणास कळते? ज्यांनी त्यांना 'पात्र' म्हणून यादीत चढविले ते आपल्याच व्यवसायाचे लोक होते. ती यादी पुन्हा एकदा, या वेळी नावांसाठी, आपणच करावी हे न्यायाचे होईल.

आमच्या मझौलीत कलचुरी काळातील विष्णुवराहाचे मंदिर आहे. समुद्रात बुडालेल्या पृथ्वीस वराहाने वर काढले, ही कथा येथील प्रत्येक भाविकास ठाऊक आहे, आणि तिच्या हातून कोणता अपराध घडला होता असे देवाने विचारल्याचे त्या कथेत कोठेही सांगितलेले नाही. आमच्या ज्येष्ठ स्नेह्यांस पुढच्या रविवारी हा अंक आम्ही नेऊन देणार आहोत. त्यांचा राग आम्ही सोसू. काशीबाईचे नाव त्या बैठकीत एकदा उच्चारले जावे, एवढ्यासाठी तो सोसण्यासारखा आहे.